मत्स्यडिंभाची खोली आणि प्रयोजनाचा प्रश्न

समुद्रात मत्स्यडिंभ सगळ्या खोल्यांवर सारखे पसरलेले नसतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून माशाचे रूप येईपर्यंतच्या अवस्थेला डिंभ म्हणतात. बहुतेक सागरी माशांचे डिंभ वरच्या २०० मीटर पाण्यात असतात आणि त्यांतलेही बरेचसे वरच्या ५० ते १०० मीटरांत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर एल्बर्ट आल्स्ट्रॉम यांनी वेगवेगळ्या खोल्यांवर जाळी ओढून केलेली पाहणी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तीत बहुतेक जातींची अंडी व डिंभ दोन थरांत आढळले: वाऱ्याने घुसळला जाणारा वरचा थर आणि त्याखालचा, तापमान झपाट्याने उतरत जाणारा थर. या पट्ट्यातही पुन्हा मजले असतात. एका जातीचे डिंभ पृष्ठभागालगत राहतात, दुसरीचे त्याखाली. एकाच जातीचे लहान डिंभ वर असतात आणि वाढलेले खाली उतरतात. तोच डिंभ दिवसा एका खोलीवर असतो, रात्री दुसऱ्या.

ही मांडणी सांगताना भाषा आपोआप प्रयोजनाची होते. डिंभ अन्नासाठी वर येतो, भक्षकांपासून वाचण्यासाठी खाली जातो, किनाऱ्याकडे सरकण्यासाठी भरतीच्या पाण्यात शिरतो, असेच म्हटले जाते. पण ज्याला जन्मून आठवडाही झालेला नाही, ज्याने आई पाहिलेली नाही आणि ज्याला कोणी काही शिकवलेले नाही, अशा चार मिलिमीटरच्या जिवाच्या बाबतीत ‘साठी’ या शब्दाचा अर्थ काय? ते प्रयोजन डिंभाचे, त्याच्या वंशाचे, निसर्गाचे की ईश्वराचे? न शिकलेल्या देहात दिसणारे शहाणपण कोठून येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी तान्ह्या बालकाच्या स्तनपानावरून आणि गाईच्या पान्ह्यावरून विचारला. ॲरिस्टॉटलने कोळ्याच्या जाळ्यावरून विचारला. मत्स्यडिंभाची खोली हे त्याच प्रश्नाचे उदाहरण आहे. येथे प्रकाश, प्रवाह आणि खोली मोजता येतात, म्हणून प्रश्न अधिक नेमका मांडता येतो.

अंड्याची खोली

नॉर्वेच्या उत्तर भागात लोफोटेन बेटांजवळ दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातले कॉड मासे अंडी घालायला येतात. माशांची अंडी समुद्राच्या तळाशी पडतात, अशी समजूत पूर्वी होती. १८६०च्या दशकात गेऑर्ग ओसियन सार्स या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाला कॉडची अंडी वरच्या पाण्यात तरंगताना आढळली. कॉडच्या अंड्याचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर असतो. एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. मोठ्या माद्यांच्या बाबतीत ही संख्या कित्येक दशलक्षांवर जाते.

अंड्याला स्वतःची हालचाल नसते. त्याची खोली दोन गोष्टी ठरवतात: त्याची घनता आणि पाण्याची घुसळण. अंडे भोवतालच्या पाण्याहून हलके असेल तर ते वर येते. वारा पडलेला असेल तर अशी अंडी पृष्ठभागालगत दाटतात. वारा सुटला की तीच अंडी खालपर्यंत विखुरतात. येथपर्यंत सगळा व्यवहार भौतिकीचा आहे आणि त्यात प्रयोजनाचा शब्द वापरण्याची गरज कोणाला वाटत नाही.

अंडे हलके का असते, हे विचारले की मात्र प्रश्न बदलतो. अंडे बाहेर पडण्यापूर्वी मादीच्या शरीरातच पाणी शोषून फुगते. ते पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारे असते आणि त्यामुळेच अंड्याला तरंगण्याचा गुण येतो. बाल्टिक समुद्राचे पाणी निमखारे आहे. लोफोटेनचे अंडे तेथे सोडले तर ते तळाकडे बुडेल. पण बाल्टिकमधल्या कॉडची अंडी अधिक मोठी आणि अधिक हलकी असतात. ती पृष्ठभागावर येत नाहीत. खालच्या जास्त खाऱ्या पाण्याच्या थरात अधांतरी राहतात. त्याहून खाली प्राणवायू फार कमी असतो. म्हणून उत्तर समुद्रातून ताज्या खाऱ्या पाण्याचा लोट ज्या वर्षी आत येतो, त्या वर्षी जास्त अंडी जगतात. अंड्याला समुद्राची माहिती नसते, तरी त्याची घनता त्या समुद्राला जुळवून घेतलेली असते. हे जुळणे कोठून आले, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि डिंभाला डोळे व शेपटी येण्याआधीच तो उभा राहतो.

उभी हालचाल हेच सुकाणू

सुमारे तीन आठवड्यांनी अंड्यातून डिंभ बाहेर येतो. त्याची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते. पोटाशी पीतकाची शिदोरी असते. ती साधारण आठवडाभर पुरते. तेवढ्या अवधीत तोंड, डोळे आणि आतडे कामाला लागले पाहिजेत. कॉडच्या डिंभाचे पहिले अन्न म्हणजे कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची पिल्ले. ती एकेक करून, डोळ्यांनी पाहून पकडावी लागतात.

या आकाराच्या जिवाची ताकद किती, हे साध्या हिशेबाने कळते. डिंभ सेकंदाला स्वतःच्या लांबीइतका, म्हणजे ४ मिलिमीटर पोहला, तर तासाला सुमारे १४ मीटर जातो. भोवतालचा प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटर असेल तर तो डिंभाच्या वेगाच्या पन्नासपट असतो आणि दिवसाला १७ किलोमीटर वाहून नेतो. आडव्या दिशेने डिंभ प्रवाहाविरुद्ध काहीही करू शकत नाही. उभ्या दिशेची गोष्ट वेगळी आहे. दोन तासांत तो सुमारे ३० मीटर वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि ३० मीटरांवर पाणी वेगळे असते. तेथला प्रवाह, उजेड, उष्णता, अन्न आणि शत्रू, सगळेच बदललेले असते. वल्हे नसलेल्या होडीला सुकाणू असावे, तशी डिंभाची उभी हालचाल असते. लोफोटेनहून बॅरेंट्स समुद्रापर्यंतचा ६०० ते १,२०० किलोमीटरांचा प्रवास प्रवाहच घडवतो. पण त्या प्रवासाचा वेग, वाट आणि वाटेतली ऊब डिंभ कोणत्या थरात राहतो त्यावर अवलंबून असते.

याची इतर उदाहरणेही आहेत. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखखाडीत वरचे कमी खारे पाणी समुद्राकडे जाते आणि खालचे जास्त खारे पाणी आत येते. लुई फोर्तिए आणि विल्यम लेगेट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे अभ्यास केला. कॅपलिन माशाचे डिंभ वरच्या थरात राहून भराभर समुद्राकडे वाहून जात होते, तर हेरिंगचे डिंभ आपली खोली बदलत मुखखाडीतच टिकून राहत होते. पाणी तेच होते. खोली वेगळी, म्हणून नशीबही वेगळे. बार्बाडोस बेटाभोवती क्लेअर पॅरिस आणि रॉबर्ट कोवेन यांनी २००४ साली दाखवले की प्रवाळांत राहणाऱ्या एका माशाचे डिंभ वयाबरोबर खाली उतरतात आणि त्यामुळे बेटापासून दूर फेकले जाण्याऐवजी जवळ राहतात. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर क्रॉइट्सबेर्ख यांनी ईल माशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांचा अभ्यास केला. ही पिल्ले भरतीच्या वेळी तळ सोडून पाण्यात येतात आणि ओहोटीला पुन्हा तळाशी जातात. अशा रीतीने भरतीच्या प्रत्येक खेपेला ती जमिनीकडे सरकतात. नदीच्या पाण्याचा वास ही त्यांची खूण असते.

उजेडाचा पेच

खोली ठरवणाऱ्या घटकांत प्रकाश सर्वांत महत्त्वाचा आहे. डिंभ डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे अंधारात तो उपाशी राहतो. पण ज्या उजेडात त्याला कोपेपॉड दिसतो, त्याच उजेडात मोठ्या माशाला तो दिसतो. वर अन्न आणि ऊब असते, म्हणून वाढ लवकर होते. तसाच धोकाही वरच जास्त असतो. खाली लपायला जागा असते, पण वाढ मंदावते. आणि जो हळू वाढतो तो जास्त दिवस लहान राहतो, म्हणजे जास्त दिवस कोणाचे तरी भक्ष्य राहतो. संपूर्ण सुरक्षित अशी खोली कोठेच नसते.

या पेचावर वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी उत्तरे काढली आहेत. काही जातींचे डिंभ रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात. काहींचा क्रम उलटा असतो. जॉन नीलसन आणि इयन पेरी यांनी १९९० साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा हे स्थलांतर घड्याळाप्रमाणे बांधलेले नसून परिस्थितीप्रमाणे बदलणारे असते, या मताला त्यांनी आधार दिला. कॅलिफोर्नियाच्या अँकोव्ही माशाचे डिंभ रात्री पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि वाताशय भरतात. मग रात्रभर फारशी शक्ती न घालवता ते तरंगत राहतात. दिवसा वाताशय रिकामा होतो.

अन्नही सारखे पसरलेले नसते. रूबेन लास्कर यांनी १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रात दाखवले की अँकोव्हीच्या नुकत्या खाऊ लागलेल्या डिंभांना पुरेल इतके अन्न काही मीटर जाडीच्या एखाद्या थरातच मिळते. समुद्र शांत असेल तोवर तो थर टिकतो. त्यांच्या पाहणीच्या काळातच एक वादळ आले आणि तो थर विस्कटला. पाण्यात अन्नाचे कण तितकेच होते, पण विखुरल्यामुळे डिंभाच्या तोंडी लागेनासे झाले.

काही समुद्रांत खोलीला तळाची मर्यादा प्राणवायूने पडते. अरबी समुद्रात सुमारे १५० मीटरांपासून १,००० मीटरांपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला प्रचंड थर आहे. बहुतेक डिंभांच्या दृष्टीने समुद्राचा तळ तेथेच लागतो. खाली हजारो मीटर पाणी असले तरी ते त्यांचे नसते.

जाळे काय सांगते

डिंभाच्या वागण्याला हेतू चिकटवण्यापूर्वी ते वागणे खरोखर घडते का, हे पाहावे लागते. दिवसा ओढलेल्या जाळ्यात कमी डिंभ आणि रात्रीच्या जाळ्यात जास्त डिंभ सापडले, तर ते रात्री वर आले असा निष्कर्ष सहज निघतो. पण मोठे डिंभ दिवसा येणारे जाळे पाहून बाजूला होतात, हेही सिद्ध झालेले आहे. तेव्हा फरक डिंभाच्या खोलीचा आहे की जाळे चुकवण्याचा, हे तपासण्यासाठी ठरावीक खोलीवर उघडणारी आणि बंद होणारी जाळी वापरावी लागली, आणि सगळ्या खोल्यांवरची बेरीज जुळते का ते पाहावे लागले. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत प्रमाणित जाळे २०० मीटरांवरून सरळ पृष्ठभागापर्यंत ओढले जात असे. या मोहिमेमुळे हिंदी महासागरातील प्लवकांचा पहिला विस्तृत संग्रह भारतात, कोचीला, जमा झाला. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामाची एक पायाभरणी याच मोहिमेने केली. तरी अशा एका ओढीत त्या पाण्याखाली किती डिंभ होते एवढेच कळते. ते कोणत्या मजल्यावर होते ते कळत नाही.

तत्त्वचिंतनालाही ही शिस्त लागू पडते. हेतू हा वस्तूत आहे की पाहणाऱ्याच्या साधनात, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर्शनांच्या भाषेत सांगायचे तर प्रमेयाआधी प्रमाण तपासावे लागते.

‘का’ या शब्दाचे चार अर्थ

डिंभ रात्री वर का आला, या प्रश्नाला चार प्रकारची खरी उत्तरे आहेत आणि ती परस्परविरोधी नाहीत. पहिले उत्तर यंत्रणेचे: दृष्टिपटलावर पडणारा प्रकाश एका पातळीखाली गेला, चेतातंतूंमार्फत शेपटीचे स्नायू हलले. दुसरे वाढीचे: डोळे, वाताशय आणि पर अमुक वयात तयार झाले, म्हणून हे वागणे आता शक्य झाले. तिसरे उपयोगाचे: असे वागणारे डिंभ जास्त जगतात. चौथे वंशेतिहासाचे: पूर्वजांपासून हे वागणे उतरत आले. निको टिनबर्गन यांनी १९६३ साली प्राण्यांच्या वर्तनाविषयीचे प्रश्न या चार प्रकारांत मांडले. ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूची चार कारणे मानली होती आणि त्यांत शेवटचे कारण प्रयोजनाचे होते. कोळी किंवा मुंगी विचार करून काम करत नाही हे त्याला मान्य होते. पण कर्ता विचार करताना दिसत नाही म्हणून कार्यात प्रयोजन नाही, असे म्हणणे त्याला चुकीचे वाटत होते.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते: प्रयोजन असणे आणि प्रयोजनाची जाणीव असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. डिंभाच्या हालचालीला प्रयोजन आहे असे म्हणताना त्याच्या मनात उद्दिष्ट आहे असे म्हणावे लागत नाही. जैन तत्त्वज्ञांनी पाच इंद्रियांच्या जिवांतही मन असलेले आणि मन नसलेले असा भेद केला. इंद्रिये आहेत, प्रवृत्ती आहे, पण हिताहिताचा विचार करणारे मन नाही, अशा जिवांची स्वतंत्र कोटी त्यांनी मानली. डिंभाविषयी बोलताना ही कोटी आजही उपयोगी पडते, कारण ती डिंभाला दगडही ठरवत नाही आणि छोटा माणूसही ठरवत नाही.

दर्शनांचा वाद

जाणीव डिंभात नसेल तर शहाणपण कोठून आले? भारतीय परंपरेत याची चार मुख्य उत्तरे आहेत.

स्वभाववादी म्हणत की हा वस्तूचा स्वभावच आहे. काट्याला टोक कोणी केले आणि मोराला रंग कोणी दिले, असे विचारण्यात अर्थ नाही. हे उत्तर ईश्वराला मध्ये आणत नाही हे खरे, पण लोफोटेनच्या अंड्याचा स्वभाव एक आणि बाल्टिकच्या अंड्याचा दुसरा का, हे ते सांगत नाही. जुळणी हीच समजून घ्यायची असते आणि स्वभाववाद तेथेच थांबतो.

सांख्यांनी गाईच्या दुधाचा दृष्टान्त दिला. दूध अचेतन असूनही वासराच्या पोषणासाठी स्रवते, तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, प्रयोजनासाठी प्रवृत्त होते, असे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रतिपादन आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात याचे खंडन केले. दूध आपोआप स्रवत नाही. गाय चेतन आहे, तिचे वासरावर प्रेम आहे आणि वासरू चोखते म्हणून पान्हा फुटतो. गवताचे दूध व्हायलाही गाईचे पोट लागते. बैलाच्या पोटात तेच गवत गेले तर दूध होत नाही. अचेतनाच्या मागे चेतन अधिष्ठान असलेच पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. न्याय दर्शनाच्या अनुयायांचा, म्हणजे नैयायिकांचाही, तोच आग्रह होता आणि उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी अशा युक्तिवादांची विस्ताराने मांडणी केली.

कॉडच्या डिंभाच्या बाबतीत शंकराचार्यांचे उत्तर अडखळते, कारण येथे पान्हा फुटणारी आई नाही. मादी अंडी सोडून निघून जाते. तिचे अंग अंड्याला योग्य तेवढे पाणी देते, पण त्यात वासराकडे पाहणाऱ्या गाईचे वात्सल्य नसते. म्हणजे चेतन अधिष्ठान मानायचे तर ते थेट ईश्वराचेच मानावे लागते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत तिसऱ्या अध्यायात एक वेगळा वाद आहे आणि या विषयाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे. नुकते जन्मलेले बालक स्तनाकडे वळते. त्याला हे कोणी शिकवलेले नाही. त्यावरून न्यायसूत्रे अनुमान करतात की ही पूर्वी केलेल्या आहाराची सवय आहे, म्हणून पूर्वजन्म आहे आणि आत्मा नित्य आहे. पूर्वपक्षी म्हणतो की लोखंड चुंबकाकडे जाते तसे बालक स्तनाकडे जाते. सवयीची गरज नाही. त्यावर उत्तर असे की लोखंडसुद्धा वाटेल त्या वस्तूकडे जात नाही, चुंबकाकडेच जाते. म्हणजे तेथेही काही नियामक कारण आहे आणि बालकाच्या बाबतीत ते शोधले पाहिजे.

या वादातला अर्धा भाग काळाच्या कसोटीला उतरला आहे. न शिकता आलेल्या कौशल्यामागे भूतकाळ असलाच पाहिजे, हे नैयायिकांचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्या घासाला झेपावणारा, अंधारताच वर येणारा डिंभ आधी घडलेल्या कशाचा तरी वारस असतो. प्रश्न एवढाच उरतो की तो भूतकाळ कोणाचा.

वंशाची सवय

चार्ल्स डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथाने या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याचे सार असे: तो भूतकाळ एका आत्म्याचा नाही, तो वंशाचा आहे. डिंभांत थोडा थोडा फरक असतो. कोणी उजेडाला लवकर प्रतिसाद देतो, कोणी उशिरा; कोणी जरा वर राहतो, कोणी खाली. ज्यांची खोली त्या समुद्राला जुळली ते मोठे होऊन अंडी घालू शकले आणि तो कल पुढे उतरला. इमॅन्युएल कांट यांनी १७९० साली असे म्हटले होते की गवताच्या एका पात्याची उत्पत्ती केवळ यांत्रिक नियमांनी समजावून देईल असा न्यूटन होण्याची आशा धरता येत नाही. जीवमात्रात हेतू असल्यासारखे मानूनच त्याचा अभ्यास करावा लागतो, पण तो हेतू सिद्ध झालेली वस्तू मानू नये, अशी त्यांची भूमिका होती. डार्विनने गवताच्या पात्याचे सगळे कोडे सोडवले नाही, पण जुळणी कशी साचत जाते याचे एक खरे कारण दाखवले. कॉलिन पिटेंड्रिघ यांनी १९५८ साली अशा प्रयोजनासाठी वेगळा शब्द सुचवला, तो नेमका याचसाठी. वागणे उद्दिष्टाकडे नेते, पण ते उद्दिष्ट कोणी पुढे उभे राहून ओढत नाही. मागचा इतिहास ढकलतो.

म्हणून ‘डिंभ अन्नासाठी वर येतो’ हे वाक्य खोटे नाही. त्यातला ‘साठी’ हा शब्द मागच्या असंख्य पिढ्यांचा संक्षेप आहे. अन्न मिळाल्यामुळे जे जगले, त्यांच्या वंशात वर येण्याची सवय उतरली. हेतू डिंभाच्या मनात नाही, तसा तो पाहणाऱ्याचा भासही नाही. तो वंशाच्या इतिहासात आहे आणि म्हणून खरा आहे.

मात्र या उत्तराची एक बाजू पुष्कळदा न बोलता सोडली जाते. वंशाची सवय जगलेल्यांनी जितकी घडवली, तितकीच मेलेल्यांनीही घडवली. फार वर राहिलेले डिंभ दिसले आणि खाल्ले गेले. फार खाली राहिलेले उपाशी मेले. काही चुकीच्या थरात शिरून बाहेरच्या समुद्रात वाहून गेले. योग्य खोलीची रेषा या सगळ्या मृत्यूंनी दोन्ही बाजूंनी आखलेली आहे. डिंभाच्या खोलीत दिसणारे शहाणपण आणि डिंभांची अफाट हानी हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. पहिले दुसरीतून घडले आहे.

हानीचा प्रश्न

ही हानी किती मोठी आहे, हे संख्येवरून कळते. कॉडची संख्या पिढ्यान्‌पिढ्या साधारण स्थिर राहायची तर एका मादीच्या सगळ्या आयुष्यातल्या अंड्यांपैकी सरासरी दोनच प्रौढ होऊन पुढची वीण देतात. बाकीची लाखो त्याआधी संपतात आणि त्यांतली फार मोठी संख्या डिंभावस्थेतच संपते. योहान योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडले की माशांच्या एखाद्या वर्षाच्या पिढीचे भवितव्य बहुधा अगदी लहानपणीच ठरते: पीतक संपते त्या वेळी अन्न मिळाले की नाही, आणि प्रवाहाने कोठे नेले, यावर. १९०४ साली जन्मलेली हेरिंगची पिढी पुढे अनेक वर्षे नॉर्वेच्या मासेमारीत इतर सर्व पिढ्यांहून वरचढ राहिली. त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतल्या डिंभांनी काही कमी प्रयत्न केला असे नाही. त्यांचा समुद्र वेगळा होता.

धार्मिक विचाराला येथे जुना आक्षेप पुन्हा भेटतो. जग ईश्वराने रचले असेल तर त्याच्यावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो. ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप वैषम्य आणि नैर्घृण्य या शब्दांनी नोंदलेला आहे. शंकराचार्यांचे उत्तर असे की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो; रोपांतला फरक बीजातून येतो. तसा जिवांतला फरक त्यांच्या कर्मातून येतो, आणि संसार अनादि असल्यामुळे पहिले कर्म कोणते हा प्रश्न उद्भवत नाही. या दृष्टान्ताचा पूर्वार्ध समुद्रालाही लागू पडतो, कारण वादळ सगळ्या डिंभांवर सारखेच येते. पण उत्तरार्ध जड जातो. ज्या डिंभाला निवड करणारे मन नाही, त्याच्या वाट्याचे वादळ त्याच्या पूर्वकर्माने ठरले, हे म्हणणे त्याला अशा निवडीचा जबाबदार ठरवते जी त्या देहात त्याने केलेली नाही. कर्मसिद्धान्त मानणाराही येथे सावकाश बोलेल.

ख्रिस्ती जगात विल्यम पेली यांनी १८०२ साली प्राण्यांच्या रचनेवरून कुशल आणि दयाळू निर्मात्याचे अनुमान केले होते. डार्विनने १८६० साली एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात कबूल केले की जिवंत अळ्यांच्या शरीरात आपली पिल्ले वाढवणारी गांधीलमाशी एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम निर्माण केली, हे त्याला पटवून घेता येत नव्हते. मत्स्यडिंभ हाच आक्षेप शांतपणे, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुढे ठेवतात. जुळणीवरून रचनाकाराचे कौतुक करायचे असेल, तर ती जुळणी ज्या हानीतून आली तिचेही उत्तर त्याच्याकडेच मागावे लागते. एक स्वीकारून दुसरी टाळता येत नाही.

नजरेने पोसणे

कुलार्णवतंत्रात गुरूच्या दीक्षेचे तीन प्रकार आईच्या दृष्टान्ताने सांगितले आहेत: पक्षिणी पंखांच्या स्पर्शाने पिले वाढवते, मासोळी नजरेने पोसते आणि कासवी केवळ ध्यानाने. मराठी संतवाङ्मयात कासवी नजरेने पिलांना पोसते ही प्रतिमा भगवंताच्या कृपेसाठी वारंवार येते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने कॉडची मादी किंवा कासवी पिलांकडे पाहत नाही. त्यावरून प्रतिमा खोटी ठरली असे म्हणून तो विषय संपवता येत नाही. प्रतिमेचा विषय मासोळी नव्हतीच; दूर असलेल्याला आधार देणारी काळजी असू शकते का, हा होता.

डिंभांच्या अभ्यासाने या प्रश्नाचा एक भाग निकाली निघतो. प्रत्येक डिंभाला हात धरून योग्य खोलीवर ठेवणारी कोणतीही नजर कामाला असल्याची खूण सापडत नाही. जे आहे ते वंशाचे देणे आहे: घनता, डोळे, उजेडाला दिलेला प्रतिसाद. ते देणे सरासरीसाठी असते, एकट्यासाठी नसते. वादळ आलेल्या आठवड्यात जन्मलेल्या डिंभाला त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा भाग शास्त्राच्या कक्षेत येत नाही. वंशाच्या दृष्टीने डिंभ हा लाखांतला एक असतो. पण डिंभ स्वतः सरासरी नसतो. तो आपल्या आयुष्याचे जे काही दिवस आहेत तेवढे पोहतो, पाहतो, झेपावतो. बौद्ध परंपरेने कर्ता आणि रचनाकार न मानताही सर्व जिवांविषयी करुणा सांगितली. तिला समर्थनासाठी जगाची रचना चांगली असावी लागत नाही. जीव असणे पुरते. हानीचे समर्थन शोधणे आणि हानीविषयी करुणा बाळगणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम कोणत्याही मताला पूर्ण जमलेले नाही. दुसऱ्याला त्यासाठी थांबावे लागत नाही.

म्हणून प्रयोजनाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे येते. डिंभाच्या खोलीला प्रयोजन आहे. ते डिंभाच्या मनात नाही आणि त्याच्या वागण्यातून बाहेरच्या योजकाचे अनुमान निघत नाही; ते वंशाच्या इतिहासात आहे. त्या इतिहासात जगलेल्यांचा वाटा दिसतो आणि मेलेल्यांचा दिसत नाही, पण रेषा दोघांनी मिळून आखली आहे. ईश्वर मानणाऱ्याने त्याची कृपा या रेषेच्या नेमकेपणात शोधली, तर त्या नेमकेपणाची किंमतही त्याच्या दारी येते. रेषेबाहेर राहिलेल्यांपर्यंत जी काळजी पोहोचते, तिलाच मासोळीच्या नजरेची उपमा शोभेल. ती काळजी समुद्राच्या पाण्यात सापडत नाही. तिचा विचार करणाऱ्याने ती आपल्या जगण्यात आणायची असते.